पाच वर्षे, त्याहून अधिक नाही

मा. नगरीय विकास मंत्री,
मध्य प्रदेश शासन, यांस,

सादर नमस्कार.

इंदूर नगर निगमाची मुदत २०२७ मध्ये संपते. ऐन वेळी ओरडून उपयोग होत नाही हे मागच्या खेपेला कळले, म्हणून आधीच लिहिते आहे.

फेब्रुवारी २०२० मध्ये महापौर आणि पार्षदांची (नगरसेवकांची) मुदत संपली. नव्यांना निवडायला जुलै २०२२ उजाडला. मधली जवळपास अडीच वर्षे कारभार प्रशासकांकडे होता. घटनेचा अनुच्छेद २४३-यू मात्र स्वच्छ सांगतो: पालिकेची मुदत पहिल्या बैठकीच्या तारखेपासून पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि पुढची निवडणूक ती मुदत संपण्याआधी पूर्ण झाली पाहिजे. मध्येच बरखास्त केली तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक. ‘शासनास योग्य वाटेल तेव्हा’ असे त्यात कुठेही नाही, आणि ते मुद्दामच नाही. पूर्वी देशभर राज्य सरकारे पालिका बरखास्त करून वर्षानुवर्षे निवडणुका लांबवत असत. १९९३ मध्ये लागू झालेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने त्याला आळा घातला. लोकांना ताटकळत ठेवण्याचा अधिकार घटनेने राज्याच्या हातून काढून घेतला.

तेव्हा करोना होता, हे खरे. २०२० च्या उन्हाळ्यात इंदूरने काय सोसले ते आम्ही पाहिले आहे. त्या दिवसांत मतदान घ्या असे कोणीही म्हटले नसते. पण ३ नोव्हेंबर २०२० ला राज्यात विधानसभेच्या २८ जागांच्या पोटनिवडणुका झाल्याच, आणि त्यांत आपल्याच जिल्ह्यातले सांवेर होते. आमदारासाठी सांवेरात रांगा लागू शकतात, तर पार्षदासाठी आमच्या रामबागेत का नाही? त्यानंतरचा सगळा विलंब साथीच्या माथी मारता येत नाही. वॉर्डरचना आणि आरक्षण यांचा घोळ चालूच राहिला, आणि ही कामे शासनाची. अखेर १० मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्य निवडणूक आयोगाला दोन आठवड्यांत कार्यक्रम जाहीर करायला सांगितले. राज्यातल्या २३ हजारांहून अधिक स्थानिक संस्था तेव्हा निवडून आलेल्या प्रतिनिधींविना चालत होत्या. मुदतीआधी निवडणूक झालीच पाहिजे, हे याच न्यायालयाने २००६ मध्ये अहमदाबादच्या प्रकरणात सांगितले होते. घटनेत लिहिलेली तारीख पाळण्यासाठी नागरिकांना दर वेळी दिल्लीची पायरी चढावी लागत असेल, तर ती मर्यादा शासन स्वतःहून मानत नाही असाच अर्थ होतो.

काही जण विचारतात, प्रशासकांच्या काळात शहराचे काय बिघडले? स्वच्छतेतला पहिला नंबर तर टिकला. टिकला, आणि त्याचा अभिमान आम्हालाही आहे. पण त्या काळात अंदाजपत्रकावर, पाणीपट्टीवर, रस्तारुंदीवर सभागृहात उभे राहून कोणी ‘नको’ म्हणाले नाही, कारण सभागृहच नव्हते. रुंदीकरणात ज्याच्या घराचा ओटा जाणार, त्याने कोणाचे दार ठोठवायचे? अधिकारी कितीही भला असो, त्याची बदली होते. त्याला पुन्हा मत मागायला त्या गल्लीत यायचे नसते. माणसांच्या भलेपणावर विसंबायचे नाही म्हणूनच घटना मुदती घालते, आणि त्या निवडून आलेल्यांवर जितक्या बंधनकारक तितक्याच शासनावरही.

आता पुढचे. जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरलेली आहे. नव्या आकड्यांवर वॉर्ड पाडू आणि मग निवडणूक घेऊ, हे कारण तेव्हा फार सोयीचे वाटेल. ते आजच नाकारा. वॉर्डरचनेचे काम चालू आहे म्हणून मुदत ओलांडता येणार नाही, असलेल्या रचनेवर निवडणूक घ्या, हे न्यायालयाने २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे.

वॉर्डरचना आणि आरक्षणाची सोडत कोणत्या तारखेपर्यंत पुरी होईल, हे शासनाने राजपत्रात जाहीर करावे. ती तारीख चुकली तर जुन्याच रचनेवर मतदान होईल, हेही त्यातच लिहावे. भोपाळ, जबलपूर, ग्वाल्हेर यांनाही हेच लागू करावे. आणि विधानसभेत आपण स्वतः तसे निवेदन करावे, म्हणजे पुढे कोणी मंत्री बदलले तरी शब्द कामकाजात नोंदलेला राहील. आपल्या उत्तराची वाट पाहते.

कळावे,
आपली,
रामबाग, इंदूर येथील एक मतदार