समोर ‘डेअरी-फ्री’, स्टिकरखाली दूध

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या ज्वारी रॅपच्या पाकिटावरची दुधाची नोंद स्टिकरखाली झाकली गेल्याबद्दल

महोदय,

आधी चांगलं ते सांगते. गव्हाशिवायचे जेवढे तयार रॅप मी नाशकात विकत घेऊन पाहिले, त्यात तुमचा ज्वारीचा रॅप सगळ्यांत चांगला होता. तो वाईट असता तर दुसऱ्यांदा घेतलाच नसता आणि हे पत्र लिहायची वेळही आली नसती.

माझी लेक पाचवीत आहे. तिला दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी तान्हेपणापासून आहे. दोन वर्षांपूर्वी सीलिॲकचं निदान झालं. या आजारात गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते, म्हणजे गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य) जन्मभर बंद. हे ज्यांच्या घरात नाही त्यांना वाटतं, पोळी बंद केली की झालं. तसं नसतं. कोपऱ्यावरच्या गिरणीत आधी गहू दळला जातो आणि त्याच जात्यातून आपली ज्वारी निघते, म्हणून आम्ही घरघंटी घेतली. बाजारातल्या बऱ्याचशा बांधानी हिंगात गव्हाचं पीठ असतं हे कळल्यावर फोडणीचा हिंग बदलला. आता घरात कुठलीही पुडी आली की आधी तिची पाठ वाचली जाते. लेकसुद्धा वाचते.

‘मग मॅडम, भाकरी का नाही देत?’ असं तुमच्या ग्राहक सेवेतल्या मुलाने मला फोनवर विचारलं. देते की! घरी रोज भाकरीच असते. पण पहाटे थापलेली ज्वारीची भाकरी मधल्या सुट्टीपर्यंत कडेने वातड होते, भाजी गुंडाळायला गेलं की मधोमध तुटते. उकड काढून केली तर थोडी जास्त टिकते, पण रोज सकाळी उकड काढून, मळून, थापून सातची शाळेची गाडी गाठायची हे एकदा करून बघा. शिवाय सगळ्या मैत्रिणी रोल खात असताना आपणही रोलच खावा, असं दहा वर्षांच्या मुलीला वाटलं तर त्यात तिचं काय चुकलं?

म्हणून दिवाळीनंतर मी कॉलेज रोडवरच्या एका दुकानातून तीन कंपन्यांची पाकिटं आणली. परीक्षा साधी होती. तव्यावर अर्धा मिनिट गरम करायचा, बटाट्याची कोरडी भाजी भरून गुंडाळायचा, डब्यात घालून चार तास ठेवायचा आणि मग उघडायचा.

पहिला बाहेरदेशातून आलेला मक्याचा टॉर्टिया. त्यासाठी मका चुन्याच्या निवळीत शिजवून मग दळतात, त्यामुळे पिठाला चिकटपणा येतो. आपल्याकडचं साधं मक्याचं पीठ घेऊन घरी करायला गेलं की तुकडे पडतात ते याचमुळे. गरम असताना फार छान लागला. गार झाल्यावर मात्र घडीवर सरळ चीर गेली आणि बटाटा डब्यात. दुसरा तांदळाचा. वळला मस्त, पण चावताना रबर. तेही चाललं असतं, पण त्याच्या पाठीवर स्वच्छ लिहिलं होतं की याच कारखान्यात गहू हाताळला जातो. तेवढी जोखीम मला नको होती, मी तो खाली सासूबाईंना दिला. त्या कंपनीचं एक कबूल करते, त्यांनी लिहिलं तरी होतं, आणि ते वाचता येत होतं.

तिसरा तुमचा. ज्वारी, टॅपिओका स्टार्च, इसबगोल, तेल, मीठ. चार तासांनीही अख्खा राहिला. सहा रॅपना २८० रुपये, म्हणजे एकेक जवळजवळ ४७ रुपयांना. आमच्या घरासाठी ही चैनच आहे, तरी आठवड्यातून दोनदा ठरवून देत होते. रविवारी घरी मिसळ केली की पावाऐवजी लेक तुमचाच रॅप फाडून तर्रीत बुडवायची.

आता तक्रार.

या महिन्यात नेहमीच्याच दुकानातून तुमची तीन पाकिटं आणली. पुढच्या बाजूला नेहमीसारखंच मोठ्या हिरव्या अक्षरांत ‘ग्लूटेन-फ्री, डेअरी-फ्री’. मागच्या बाजूला नवं पिवळं स्टिकर : ‘नवी चव! आणखी मऊ!’ सोमवारी पहिला रॅप डब्यात दिला. अकराच्या सुमारास शाळेतून फोन आला. लेकीचे ओठ सुजले होते, मानेवर आणि दंडांवर गांधी उठल्या होत्या. डॉक्टरांनी दिलेलं औषध शाळेत ठेवलेलं असतं, ते बाईंनी लगेच दिलं. आम्ही तिला दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत सूज उतरली.

घरी आल्यावर मी विचारलं, कोणाच्या डब्यातलं काय खाल्लंस? ती म्हणाली, काहीच नाही. मी पुन्हा विचारलं. मैत्रिणीच्या डब्यात पनीर होतं हे मला माहीत होतं, त्यामुळे मला खात्रीच वाटत होती. मी ओरडले. ‘खोटं बोलू नकोस’ असंही म्हणाले. ती न जेवता झोपली.

गुरुवारी सकाळी त्याच पाकिटातला दुसरा रॅप तव्यावर टाकला. तुमचा रॅप मी एवढ्या वेळा गरम केलाय की तो कसा दिसतो ते मला पाठ आहे. अर्ध्या मिनिटात तो पांढुरका राहतो, कडेला जेमतेम एखादा ठिपका. या वेळी उलटेपर्यंत त्यावर तांबूस डाग पडले होते, आणि वास किंचित गोडसर. पिठात दूध पडलं की पोळी तव्यावर लवकर लाल होते, हे स्वयंपाक करणाऱ्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. मी गॅस बंद केला.

पाकीट पुन्हा उलटून वाचलं. घटकांची यादी मी दर वेळी वाचते, या वेळीही वाचली होती. म्हणजे जेवढी दिसत होती तेवढी. मग ते पिवळं स्टिकर केस वाळवायच्या ड्रायरने गरम करून नखाने सोडवलं. खाली यादीच्या शेवटच्या दोन ओळी निघाल्या. त्यात ‘मिल्क सॉलिड्स’, आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘समाविष्ट : दूध’. ‘आणखी मऊ’ कशाने झाला तेही तिथेच कळलं.

त्याच दुपारी तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला. पहिलं उत्तर : पाकिटावर हिरवा ठिपका आहे, प्रॉडक्ट शुद्ध शाकाहारी आहे. अहो, हिरव्या ठिपक्यात दूध, दही, तूप सगळं बसतं! दुसरं उत्तर : लॅक्टोज अगदी कमी आहे, त्रास होणार नाही. लॅक्टोज ही दुधातली साखर आहे. ती न पचणं वेगळं आणि दुधातल्या केसीन किंवा व्हे या प्रथिनांची ॲलर्जी असणं वेगळं. ‘डेअरी-फ्री’ छापणाऱ्या कंपनीच्या फोनवरच्या माणसाला एवढा फरक तरी शिकवलेला असावा. तिसरं उत्तर भाकरीचं, ते वर आलंच.

सोमवारचा त्रास या रॅपमुळेच झाला असा निकाल मी देणार नाही. डॉक्टरांच्या कागदावर काय खाल्लं आणि नंतर काय झालं एवढीच नोंद आहे, आणि माझं म्हणणंही तेवढंच आहे. पण पाकिटाबद्दल मला कोणाच्या निकालाची गरज नाही. पुढे ‘डेअरी-फ्री’ आणि मागे ‘समाविष्ट : दूध’ या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. लेबलिंगच्या २०२० च्या नियमांनुसार दुधासारख्या ॲलर्जी आणणाऱ्या घटकाची वेगळी नोंद करावी लागते. ती तुम्ही छापली आणि तिच्यावरच स्टिकर लावलं. स्टिकर कारखान्यात लागलं की वितरकाकडे, ते तुम्ही शोधा. पुढच्या बाजूवर मात्र कोणी स्टिकर लावलेलं नाही, ते तुमचंच छापील आहे.

आता ‘ग्लूटेन-फ्री’वरही माझा विश्वास राहिलेला नाही. त्यासाठी आपल्याकडची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लूटेन अशी आहे. हे नव्या चवीचे रॅप त्या चाचणीतून गेले आहेत का? गेले असतील तर या बॅचचा अहवाल पाठवा.

पुढचं सांगते. काल संध्याकाळी त्याच दुकानात तुमची चार पाकिटं फळीवर होती, चारही स्टिकरवाली. दुकानदाराला सांगून मी ती खाली उतरवून घेतली, पण नाशकात दुकानं काही एकच नाही. हा माल सगळीकडून परत मागवा आणि का परत मागवला ते तुमच्या ऑनलाइन पानावर मराठीतही लिहा. तीन पाकिटांचे ८४० रुपये आणि दवाखान्याचं बिल द्याल तर घेईन, पण त्यासाठी हे पत्र नाही. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर हीच कागदपत्रं अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयात आणि जिल्हा ग्राहक आयोगात जातील. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आजच नोंदवते आहे.

लेकीची माफी मी मागितली आहे. ‘आता तू यादी वाच, मी स्टिकर काढते’ म्हणाली. तुम्ही तिला दोन ओळी लिहिल्यात तर ती वाचेल, मात्र सोबत कूपन पाठवू नका.

आपली,
एक ग्राहक
गंगापूर रोड, नाशिक

सोबत : पाकिटाच्या दोन्ही बाजूंची व बॅच क्रमांकाची छायाचित्रं, दुकानाचं बिल, डॉक्टरांच्या नोंदीची प्रत.

ता. क. न उघडलेली दोन पाकिटं माझ्याकडे जपून ठेवली आहेत. काढलेलं स्टिकर कोऱ्या कागदावर चिकटवलं आहे. तपासायला माणूस पाठवायचा असेल तर सकाळी नऊ ते अकरा पाठवा, तेव्हा लेक शाळेत असते.