गोडं पाणी आणि हरळी

दर्यापूर तालुका,
२४ मे

प्रिय बंड्या,

तू पाठवलेला फोटो पाहिला आणि आधी वाटलं, तुझ्या लेकीच्या सोसायटीत रस्त्याचं काम निघालं असेल. मग खालचा मजकूर वाचला. गवत उपटताहेत! चांगलं हिरवंगार गवत, आणि तेही लास वेगाससारख्या झगमगाटी गावात. मी हसलो, आईला फोटो दाखवला. ती हसली नाही. म्हणाली, "त्याईले कळलं, तुले कधी कळन?"

आता तुला सांगायलाच हवं. गेली दोन वर्षं माझ्या दारात लॉन होतं. फोनवर कधी बोललो नाही, कारण तू हसला असतास.

पोरीच्या साक्षगंधाच्या वेळची गोष्ट. धाकट्यानं हट्ट धरला की फोटो चांगले यायला पाहिजेत. अमरावतीहून नर्सरीवाला आला, वीस बाय तीसची जागा मोजली आणि चौरस फुटाच्या भावानं गवताच्या सतरंज्या अंथरून गेला. जात विचारली तर म्हणे "सिलेक्शन वन". वाकून एक काडी उपटून पाहिली. बंड्या, हरळी रे! जरा नाजूक, जरा बारीक पानाची, पण हरळीच. आईनं पेरं चिमटीत धरून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "तुह्या बापानं जलमभर वावरातली हरयी खंदली, अन् तू पैशे देऊन दारात लावली!" बाबांच्या हाताचे घट्टे तुलाही आठवत असतील. उन्हाळ्यात कुदळीनं खणून खणून गाठी वेचायचे, आणि पहिल्या पावसात ती पुन्हा वर.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण आपला गाव खारपाणपट्ट्यात आहे, जमिनीखालचं पाणीच खारं. बोअरचं पाणी सुरुवातीला दिलं. पंधरा दिवसांत कडा पिवळ्या पडल्या, महिन्याभरात काळ्या मातीवर पांढरा थर आला, मिठाच्या गोणीतून सांडल्यासारखा. बोटानं खरवडून जिभेला लावला, खारट. मग मी काय केलं? शहानूर धरणाचं नळाचं पाणी, ज्याला आपण सगळे गोडं पाणी म्हणतो, ते टाक्यात भरून ठेवायचो आणि चैत्र-वैशाखात रोज दोन ड्रम त्या गवतावर ओतायचो. संध्याकाळी, जरा अंधार पडल्यावर. अंधाराचं कारण तू समजलाच असशील.

लहानपणी या गोड्या पाण्यासाठी आपण किती लांब जायचो आठवतं ना? डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन आई पुढे, आपण हातात बादल्या घेऊन मागे. आणि हे लॉन होतं तेव्हा एक दिवस शेजारची वहिनी गुंड घेऊन आली, पाहुणे आलेत, नळ आला नाही, थोडं द्या म्हणाली. पाइप माझ्या हातात, पाणी गवतात. ती काही बोलली नाही. गुंड भरून घेतला आणि गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या गवतावर कोणी कधी बसलं असेल तर शपथ. आम्ही बसतो ओट्यावर, निंबाच्या सावलीत. दुपारी पंचेचाळीस अंशात लॉनवर कोण जाणार? फक्त एकदा शेजाऱ्याची बकरी कुंपणातून आत शिरली आणि पाव भाग साफ करून गेली. मी तिच्या मागे काठी घेऊन धावलो. आज वाटतं, दोन वर्षांत त्या लॉनचा खरा उपयोग केला तो तिनंच.

म्हणून तुझ्या पत्रातली ती गोष्ट मला लागली. ज्या गवतावर मशीन फिरवणाऱ्या माणसाशिवाय कोणी पाय ठेवत नाही, ते शोभेचं. लास वेगासच्या नेवाडा राज्यानं २०२१ मध्ये कायदाच केला, की सोसायट्या, दुकानं, रस्त्याच्या कडा असल्या जागच्या शोभेच्या गवताला २०२७ उजाडलं की कोलोरॅडो नदीचं पाणी मिळणार नाही. खेळायची मैदानं वगळली, स्वतंत्र घरांच्या अंगणांनाही सक्ती नाही, उलट गवत काढलं तर चौरस फुटामागे पैसे मिळतात, आणि ही योजना १९९९ पासून चालू आहे. नातवाला विचारून मीही थोडं वाचलं. १९२२ साली नदीच्या वाटपाचा करार झाला, १९२८ च्या कायद्यात नेवाडाच्या वाट्याला सगळ्यात लहान तुकडा आला, आणि तेव्हा लास वेगासात होतंच कोण! आज लाखो माणसं, पाऊस वर्षाला शंभर मिलिमीटर, आणि २०२२ च्या उन्हाळ्यात त्याच नदीवरचा लेक मीड तलाव पहिल्यांदा भरला तेव्हापासूनच्या सगळ्यात खालच्या पातळीवर.

एका गोष्टीवर मी बराच वेळ अडलो. तिथे घरात वापरलेलं, संडास-मोरीचं पाणी शुद्ध करून पुन्हा तलावात सोडतात. म्हणजे घरातलं पाणी परत येतं, गवताला दिलेलं उडून जातं. आपलं पहा. मोरीचं पाणी नालीत, नाली रस्त्यावर, रस्त्यावर डुकरं. परत येत नाही काहीच.

त्यांच्या हिशोबानं गवत काढलं की चौरस फुटामागे वर्षाला पंचावन्न गॅलन, म्हणजे दोनशे लिटरच्या वर पाणी वाचतं. माझ्या सहाशे फुटांना लावलं तर सव्वा लाख लिटर! पाच हजार लिटरचे पंचवीस टँकर. आपल्याकडे चार महिने पाऊस आहे, हवा वेगळी, तेव्हा आकडा जसाच्या तसा लागू नाही. पण अर्धा धरला तरी वहिनीचा तो गुंड डोळ्यासमोर येतो.

फाल्गुनात मी कुदळ घेतली. धाकटा म्हणाला, "बाबा, सिमेंटचे गट्टू बसवून टाकू, कटकट नको." मी म्हटलं, नको. गट्टू तापले की रात्री अकरापर्यंत भट्टी, आणि पावसाचं पाणी सरळ फाटकाबाहेर. तुझ्या गावातही गवत काढायचे पैसे घ्यायचे तर निम्मी जागा झाडांनी झाकेल एवढी लागवड करावी लागते, मुरूम टाकून हात झटकता येत नाहीत. मी कन्हेर लावली, बोगनवेल लावली, कोपऱ्यात करंज आणि बोर. मोरीचा पाइप वळवून आळ्यात सोडला. साबणाचा फेस दिसतो, सून नाक मुरडते, पण कन्हेर धरली आहे. करंजाचं अजून सांगता येत नाही, दोनपैकी एक वाळत चाललाय. मधली जागा मोकळीच ठेवली. आई म्हणते तिथे शेण-मातीनं सारवायचं, तुरीच्या शेंगा वाळवायला अंगण लागते.

हरळी गेली म्हणशील तर नाव नको. गाठी वेचल्या, वर काळा प्लास्टिकचा कागद अंथरून दोन महिने उन्हात भाजली, तरी तुळशीच्या कट्ट्याजवळ चार तुरे आले आहेत. मी खुरपं घेऊन गेलो तर आईनं थांबवलं. चतुर्थीच्या एकवीस दुर्वांसाठी तिला आता शेजारी जावं लागत नाही.

तू जुलैत येतोस ना? तुझ्या सोसायटीत गवत काढल्यावर मोठ्या झाडांना पाणी कसं देतात ते नीट पाहून ये. आमचा ओट्याजवळचा निंब लॉनच्या पाण्यावर पोसला होता, आता पानं गाळतोय, आणि मला त्याची काळजी वाटते.

तुझा,
गजा