आणखी एक तांब्या

चेस्टर काउंटी, पेनसिल्व्हेनिया
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

प्रिय बंड्या,

ऑगस्टमध्ये तुझं एवढं लांब पत्र आलं आणि उत्तर आज. काय शिव्या घालायच्यात त्या घालून घे, मग पुढचं वाच. तब्येत ठीक. साखर आहे तेवढीच आहे, गुडघा कुरकुरतो, डॉक्टर म्हणतो चाला. झालं.

खरं तर हे पत्र तुला नाही, तुझ्या तात्यांना लिहायचं होतं. ते नाहीत म्हणून तुला.

मी कमलाबाईंना मत दिलं.

हसू नकोस. पंचवीस वर्षं मंडळात मला 'रिपब्लिकन काका' म्हणतात. गणपतीच्या आरतीला उभा राहिलो तरी मागून कोणीतरी म्हणतो, "काका, टॅक्स कमी करा म्हणून मागा." नागरिक झालो त्याच वर्षी पक्षात नाव नोंदवलं ते अजून तिथंच आहे. २००० पासून एकही निवडणूक चुकली नाही. कॉलिन पॉवेलने २००८ च्या ऑक्टोबरात टीव्हीवर ओबामाला पाठिंबा दिला, तेव्हा तुला रात्री फोन करून मी अर्धा तास बोललो होतो, आठवतं? "पक्षाने ज्याला परराष्ट्रमंत्री केलं तो ऐन वेळी पलीकडे जातो, हा कसला सेनापती." त्या मुलाखतीत त्याने एका फोटोबद्दल सांगितलं होतं: आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत विशीतल्या मुलाच्या थडग्यावर डोकं टेकून बसलेली आई, आणि दगडावर क्रॉसऐवजी चंद्रकोर. ते मी तेव्हा ऐकलंच नव्हतं. आता गेल्या महिन्यात परत लावून पाहिलं. सोळा वर्षांनी.

आता क्रमाने सांगतो, नाहीतर तू म्हणशील पक्या नेहमीसारखा शेवटापासून सुरू करतो.

२०१६ ला मी अध्यक्षपदाची जागा कोरी सोडली. २०२० ला त्यालाच, ट्रम्पला, दिलं, नाक धरून. हे तुला सांगितलं नव्हतं, कारण तू ज्या भाषेत बोलला असतास ती मला माहीत आहे. पण गोष्ट सुरू झाली ती मतदान संपल्यावर. त्या वर्षी मी आमच्या केंद्राबाहेर दिवसभर पक्षाच्या नमुना मतपत्रिका वाटत उभा होतो. बॉब टपाली मतांच्या मोजणीला पक्षाचा निरीक्षक म्हणून रात्रभर बसला. (बॉब म्हणजे तोच, समोरचा. २०१० च्या बर्फात तुझ्या वहिनीला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा पहाटे चारला फावडं घेऊन आलेला.) सकाळी त्याने मला सांगितलं, सगळं नीट झालं, एक कागद इकडचा तिकडे नाही. बायडन राज्यात ऐंशी हजारांनी जिंकला. आणि गंमत बघ, त्याच मतपत्रिकांवर, त्याच शाईने, राज्याचा खजिनदार आणि लेखापरीक्षक आमच्या पक्षाचे निवडून आले. मग वरून आरोळी आली: पेनसिल्व्हेनियात चोरी झाली. अरे, चोरी झाली असेल तर खजिनदारसुद्धा चोरीचाच की! मी बॉबला हेच म्हटलं. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आपल्याकडे स्वच्छच झालं. फिलाडेल्फियात झालं असेल काहीतरी."

तिथून मला झोप नाही. ६ जानेवारी, ती संसदेवरची चाल, नंतर आली. माझं बिनसलं ते त्या "फिलाडेल्फियात झालं असेल"पाशी. आपल्या कारखान्याच्या निवडणुकीत हरलेला माणूस जे म्हणायचा तेच: आपल्या गावची पेटी चांगली, पलीकडच्या गावची फुटलेली.

या एप्रिलला आमच्याकडे प्रायमरी झाली. इथे ती बंद असते, म्हणजे ज्या पक्षात नाव त्याच पक्षाच्या उमेदवारांत निवड करायची. ट्रम्पविरुद्ध उभी राहिलेली निकी हेली मार्चमध्येच माघार घेऊन घरी बसली होती, पण नाव मतपत्रिकेवर राहिलेलं. मी तिला दिलं. एकटा नव्हतो, राज्यात दीड लाखाच्या वर लोकांनी त्या घरी बसलेल्या बाईला मत दिलं. मला केवढा आधार वाटला! आणि जुलैत ती मिलवॉकीच्या अधिवेशनात व्यासपीठावर गेली आणि म्हणाली, माझा त्यालाच भक्कम पाठिंबा. बंड्या, आपण दोघं राजवाड्यापासून चार भिंतीपर्यंत ज्या पोरीच्या मागे सायकल मारत गेलो आणि वर तिचा दादा उभा होता, तसं झालं.

आणि पलीकडे कोण कोण गेलं बघ. लिझ चेनी. बुशचा उपाध्यक्ष डिक चेनी, त्याची मुलगी रे! इराक युद्धावरून तू मला ज्या माणसाच्या नावाने वर्षभर टोमणे मारलेस, तो स्वतःही म्हणाला की मत हॅरिसलाच. लिझ हॅरिसबरोबर विस्कॉन्सिनच्या रिपनला सभेला उभी राहिली. १८५४ मध्ये तिथल्याच शाळेच्या खोलीत आमचा पक्ष जन्मला असं मानतात. म्हणजे माहेरच्या देवघरात उभं राहून सासरचं नाव घेण्यासारखं. २१ ऑक्टोबरला दोघी आमच्या माल्व्हर्नला आल्या, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. तुझ्या वहिनीच्या मैत्रिणीकडे जादा प्रवेशिका होती. वहिनी म्हणाली, "येतोस?" मी म्हटलं, "मला गटारातली पानं काढायचीत." आणि शिडीवर चढून खरंच काढली.

संध्याकाळी मिशिगनच्या सभेत लिझबाई म्हणाल्या ते बातम्यांत दाखवलं: मनाला पटेल तसं मत द्या, कुणाला एक शब्दही सांगायची गरज नाही. वहिनी टीव्हीसमोर बसलेली, मी मागे हात पुसत उभा. मला एकदम तात्यांचा आवाज ऐकू आला, "आला का अंतरात्मा!" १९६९ ची गिरी-रेड्डी राष्ट्रपतिपदाची निवडणूक सांगताना ते कसे चिडायचे. काँग्रेसचा अधिकृत उमेदवार रेड्डी, बंगळूरला यशवंतरावांनी मत दिलेलं रेड्डींना, आणि इंदिराबाई म्हणतात सदसद्विवेकाने मतदान करा. गिरी निवडून आले, पक्ष फुटला, साहेब शेवटी बाईंकडेच राहिले. "अंतरात्म्याचा आवाज दिल्लीहून ट्रंक कॉलवर येतो," हे तात्यांचं वाक्य आपण शाळेत मिरवलं होतं.

आणि तेच तात्या १९७७ ला...

पण आधी ५ नोव्हेंबर. सकाळी सातला पहिल्या दहांत मत दिलं. पूर्वी एक खूण केली की सगळी मतं पक्षाला जायची. ते २०२० पासून बंद झालं. आता प्रत्येक जागेसाठी वेगळा गोल काळा करायचा. सर्वांत वरचा गोल कमलाबाईंचा केला. खाली सिनेटसाठी मॅकॉर्मिक, आणि पुढे शेवटपर्यंत सगळे आमचेच. एवढुसा गोल, पण मी तो किती वेळ भरत होतो! बाहेर येऊन छातीवर 'मी मत दिलं'चं स्टिकर लावलं आणि बॉबशेजारी उभा राहून रात्री आठपर्यंत ट्रम्पच्याच नावाचे कागद वाटले. हो, वाटले. बायका-पोरं घेऊन आलेल्या लोकांच्या हातात दिले. तू म्हणशील, का गेलास मग? दर वेळी जातो म्हणून. बॉबने कॉफीचा थर्मास दोघांचा आणला होता म्हणून.

रात्री केंद्राच्या दारावर निकालाची पट्टी चिकटवली. बॉबने टॉर्च धरला, मी वाचलं. आमच्या केंद्रात मॅकॉर्मिकला वरच्यापेक्षा थोडी जास्त मतं होती. बॉब म्हणाला, "म्हणजे काहींनी खालचं आपलं घेतलं आणि वरचं सोडलं. कोण असतील रे?"

मी म्हटलं, "असतील कोणीतरी नवीन राहायला आलेले."

हे ते, बंड्या. यासाठी एवढं लिहिलं. मताचं मला काही वाटत नाही, उद्या परत द्यायला सांगितलं तरी तोच गोल भरीन. पण चौदा वर्षांपूर्वी फावडं घेऊन आलेल्या माणसाच्या टॉर्चच्या उजेडात मी ते बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तो डोनटचा खोका घेऊन दारात. मिठी मारली. "आपण जिंकलो!" मी मिठी मारून घेतली आणि डोनट खाल्ला. साखरेचा, वरून.

वहिनी जिन्यात उभी होती, तिने हे पाहिलं. तिला अर्थातच वाटतं की मी त्यालाच दिलं. तेव्हापासून घरात दोनच वाक्यं आहेत, "पोहे झालेत" आणि "कचरा आज आहे". तू म्हणशील सांगून टाक. दहा वेळा तोंडापर्यंत आलं. पण सांगितलं की पंचवीस वर्षं तिचंच बरोबर होतं असं होतं, आणि ते तसं नाहीये! कराबद्दल माझंच बरोबर आहे, सीमेबद्दलही. मी पक्ष सोडलेला नाही. शिवाय सांगितलं की संध्याकाळी मंडळाला कळणार. ९ तारखेला मंडळाची दिवाळी होती. कोणाची तरी कॉलेजातली मुलगी फराळाची ताटली हातात देऊन म्हणाली, "काका, खूश ना आता?" आणि निघून गेली. दुसरीकडे पुण्याहून नवीन आलेला एक इंजिनिअर टाळीसाठी हात पुढे करून उभा. मी चकली धरलेला हात पुढे केला.

आणि एवढं करून उपयोग काय झाला म्हणशील तर शून्य. आमच्या काउंटीत ती जिंकली, राज्यात लाखाच्या वर मतांनी हरली. जवळची बक्स काउंटी १९८८ नंतर पहिल्यांदा आमच्या पक्षाकडे आली. मतदानोत्तर पाहणीत शंभर रिपब्लिकनांत पाचेक जण तिच्याकडे गेलेले दिसतात. गेल्या वेळी बायडनकडेही साधारण तेवढेच गेले होते. म्हणजे रिपन झालं, माल्व्हर्न झालं, दीड लाख हेलीवाले झाले, आणि शेवटी आम्ही होतो तेवढेच. मॅकॉर्मिकची तेवढी फेरमोजणी लागलीय, अर्ध्या टक्क्याच्या आतला फरक. तिथे माझं मत मोजतील परत. खालचा गोल.

१८८४ मध्येही आमच्या पक्षातले असेच सभ्य लोक फुटून क्लीव्हलंडकडे गेले होते. त्यांना 'मगवंप' म्हणत. विनोद असा की कुंपणाच्या एका बाजूला त्यांचा 'मग' म्हणजे थोबाड आणि दुसऱ्या बाजूला 'वंप' म्हणजे बूड. पण त्यांचा माणूस निदान निवडून तरी आला, न्यूयॉर्कातल्या हजारभर मतांनी!

तुमच्याकडे बरं आहे. कुंपणच उठून चालायला लागतं. एकाच घरात घड्याळ आणि तुतारी, मशाल आणि धनुष्यबाण. बुधवारी तुमचं मतदान ना? कुणाला देणार ते लिहू नकोस, मला खरंच नको.

आता तात्या. १९७७ ला, आणीबाणीनंतर, साताऱ्यात काँग्रेसच्या गायवासरावर साहेब निवडून आले, दिल्लीत बाई पडल्या. मिरवणूक मोती चौकातून आली आणि कोणीतरी तात्यांना ओढून आत घेतलं, टोपीसकट गुलालाने माखलं. घरी आले ते सरळ मोरीत. मी पाणी घालत होतो, तू टोपी धरून उभा होतास. पाणी लाल होऊन मोरीच्या तोंडाशी तुंबलं. आणि त्यांनी वर न बघता सांगितलं, "मी गायवासराला दिलं नाही रे. देव सर येरवड्यातून आले तेव्हा कसे दिसत होते पाहिलंत ना." मग म्हणाले, "माईला बोलू नका. आणखी एक तांब्या घाल."

आपण तेरा वर्षांचे. मला कळलं ते एवढंच की तात्यांनी फसवलं. पुढच्या वर्षी तू मला पायचीत दिलंस (बॅट लागली होती, आजही सांगतो) तेव्हा मी सगळ्या पोरांसमोर तुला 'गद्दाराचा पोरगा' म्हटलं. दोन महिने आपण बोललो नाही. त्याची माफी मी कधी मागितली नाही, नंतर सायकल दुरुस्त करून दिली आणि मिटलं असं धरलं. आज मागतो. तो शब्द तुमच्याकडे आता भिंतीभिंतींवर आहे असं ऐकतो, म्हणून जास्तच टोचतो.

दीपाचं लग्न फेब्रुवारीत ना? आम्ही येतो, तिकिटं बघतोय. तुझ्या मोतीबिंदूचं काय झालं? करून टाक, घाबरण्यासारखं नाही. जागेच्या केसबद्दल तू लिहिलंस ते सावकाश वाचून उत्तर देतो. वहिनींना नमस्कार. कंदी पेढे पाठवू नकोस, इथे येईपर्यंत दगड होतात. येताना मीच आणीन.

पण एक मात्र लगेच कळव, व्हॉट्सॲपवर नको, तिथे वहिनी बघते. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी तात्या पक्षाच्या कचेरीत गेले होते ना? गेले होते, मला आठवतं, आपण त्यांना मोती चौकात पेढे खाताना पाहिलं. मग माईंना त्यांनी कधी सांगितलं का? शेवटी, दवाखान्यात वगैरे? की माईंना मोरीतलं पाणी बघूनच कळलं होतं?

बॉब खाली आलाय. पानं उडवायचं मशीन मागतोय. जाऊन देतो.

तुझा,
पक्या