गर्दीचा फोटो कुठून काढला?

संपादक महोदय,

बाजारातल्या गर्दीचा फोटो छापताना तो किती अंतरावरून, किती उंचीवरून काढला हे फोटोओळीत द्यावे, ही कळकळीची विनंती. दोन माणसे एकामागे एक 3 मीटरवर उभी आहेत असे धरा. पुढच्यापासून 3 मीटरवर कॅमेरा असेल, तर मागचा निम्म्या उंचीचा दिसतो. 30 मीटरवरून मात्र तो जवळजवळ पुढच्याएवढाच, अगदी पाठीला चिकटल्यासारखा! गर्दी अशी खऱ्यापेक्षा दाट दिसते, याचा दोष टेलिफोटो लेन्सला (दूरचे मोठे करून दाखवणाऱ्या भिंगाला) दिला जातो. खरा फरक अंतराचा, लेन्स फक्त तेवढा भाग मोठा करते. शिवाय डोळ्यांच्या उंचीवरून माणसांमधली मोकळी जमीन झाकली जाते. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ती लगेच दिसते. असा दुसरा फोटो शेजारी छापावा.

– एक छायाचित्रकार, पुणे