आरव्हीतून पुण्याचे कॉल : मंदारला पत्र

फिनिक्स, ॲरिझोना
नोव्हेंबर

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार. तुझा बेत वाचून आनंद झाला. डिसेंबरात सॅन होजेहून आरव्हीने, म्हणजे तुझ्या त्या चाकांवरच्या घराने, निघून कॅलिफोर्नियातली डेथ व्हॅली, जानेवारीत ॲरिझोनातलं क्वार्टझाइट, आणि या सगळ्यात पुण्याच्या टीमबरोबरचे कॉल एकही न चुकवता. जमेल. पण "कुठला बूस्टर घेऊ?" असं जे तू विचारलं आहेस, तिथे जरा थांब. बूस्टर, म्हणजे मोबाईलचा सिग्नल वाढवून देणारी पेटी, ही या यादीतली अगदी शेवटची खरेदी, आणि तुझी गरज पाहता ती करावीच लागणार नाही असं मला वाटतं.

आधी घड्याळ बघ. पुण्यात सकाळचे ९ वाजतात तेव्हा हिवाळ्यात कॅलिफोर्नियात आदल्या संध्याकाळचे साडेसात आणि ॲरिझोनात साडेआठ झालेले असतात. नेमकी हीच वेळ कॅम्पग्राउंडवरचा प्रत्येक जण जेवून टीव्ही लावून बसण्याची. म्हणजे तुझा रोजचा महत्त्वाचा कॉल टॉवरवर सर्वांत जास्त गर्दी असताना येणार. दुपारी ४० एमबीपीएस देणारा टॉवर रात्री ८ ला १ एमबीपीएसवर येऊ शकतो, आणि त्या वेळी फोनवर सिग्नलच्या कांड्या मात्र पूर्ण दिसत असतात. बूस्टरने गर्दी कमी होत नाही. म्हणून नेट रडायला लागलं की आधी दुखणं कुठलं ते ओळखायचं.

कांड्यांकडे बघूच नकोस, आकडे बघ. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलंस की फील्ड टेस्टचा पडदा उघडतो. अँड्रॉइडवर सिग्नल मोजणारी ॲप्स मिळतात, आणि चांगल्या राउटरच्या पानावर हे सगळं दिसतंच. दोन आकडे महत्त्वाचे: आरएसआरपी म्हणजे सिग्नलचा जोर, आणि एसआयएनआर म्हणजे तो गोंगाटापेक्षा किती वर आहे. आरएसआरपी उणे ८० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे १०० ला काम चालतं, उणे ११० नंतर ओढाताण, आणि उणे १२० ला जवळजवळ काही नाही. एसआयएनआर २० च्या वर छान, शून्याच्या खाली गेला तर जोर कितीही असो, फारसा उपयोग नाही.

आता हे एकत्र वाचायचं. जोर उणे ११२ पण एसआयएनआर १२, म्हणजे टॉवर लांब आहे पण आवाज स्वच्छ आहे. इथे छतावरचा अँटेना खरा कामाला येतो. जोर उणे ७५ आणि एसआयएनआर १ किंवा २, म्हणजे दोन-तीन टॉवर एकमेकांवर बोलत आहेत. इथे एका दिशेचा अँटेना एकाच टॉवरकडे वळवायचा किंवा बँड, म्हणजे रेडिओलहरींचा पट्टा, बदलायचा. दोन्ही आकडे चांगले आणि तरी नेट कासवगती, तर एक तर गर्दी नाही तर प्लॅन. हे ठरवायला पहाटे ५ ला एकदा आणि रात्री ८ ला एकदा स्पीड मोज. पहाटे पळतंय आणि रात्री नाही, तर गर्दी. दोन्ही वेळा एकाच ठरावीक आकड्यावर अडकलंय, समजा ६०० केबीपीएसवर, तर तुझा हॉटस्पॉटचा कोटा संपलाय आणि कंपनीने गळ्यात दोरी बांधली आहे.

प्लॅनमधल्या या दोन गोष्टींची लोक फार गल्लत करतात. कोटा संपल्यावर स्पीड सरसकट पाडणं वेगळं, आणि गर्दीच्या वेळी तुला रांगेत मागे ढकलणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात टॉवर मोकळा असेल तर तुला काही जाणवतही नाही. दुसऱ्यांचे टॉवर वापरणाऱ्या स्वस्तातल्या पोट-कंपन्यांच्या बऱ्याच सिमना मागची रांगच मिळते. तुझे कॉल गर्दीतच असल्यामुळे मुख्य सिम तरी पुढच्या रांगेतलं घे. इथे पैसे वाचवू नकोस. आणि "अनलिमिटेड" या शब्दाखालची बारीक अक्षरं वाच: फोनवरचा डेटा अनलिमिटेड आणि हॉटस्पॉटचा मोजका, असं बहुतेक ठिकाणी असतं. व्हिडिओ मीटिंगला तासाला १ ते दीड जीबी धर. रोज २ तास, महिन्याला २० दिवस, म्हणजे ४० ते ६० जीबी फक्त मीटिंगला. मुलांनी एचडीत नेटफ्लिक्स लावलं की तासाला ३ जीबीपर्यंत, ४के असेल तर ७ पर्यंत. टीव्हीवरची क्वालिटी निघायच्या आधीच खाली आणून ठेव, वाटेत कुणी ऐकत नाही.

फोनचं सिम काढून राउटरमध्ये घालणं टाळ. कंपनीला उपकरणाचा आयएमईआय, म्हणजे ओळख क्रमांक, दिसतो, आणि फोनचा प्लॅन राउटरमध्ये चालवणं नियमात बसत नसेल तर सिम बंद पडतं, बहुधा नको त्या दिवशी. घरासाठीचे ५जी बॉक्सही सहसा पत्त्याला बांधलेले असतात. प्रवासासाठीचा प्लॅन वेगळा मागायचा. टी-मोबाईलने २०२४ मध्ये 'अवे' नावाचा प्लॅन खास आरव्हीवाल्यांसाठी आणला. अटी घेण्याच्या दिवशीच वाच, त्या बदलत राहतात.

आता नेटवर्क. व्हेरायझन, एटी अँड टी आणि टी-मोबाईल, या तिघांपैकी दोन वेगळी हवीत. एकाच नेटवर्कवर चालणाऱ्या दोन ब्रँडची सिम घेतलीस तर ती दोन नव्हेतच. लांब जाणारे बँड लक्षात ठेव: टी-मोबाईलचा ६०० मेगाहर्ट्झचा बँड ७१, व्हेरायझनचा ७०० चा बँड १३, एटी अँड टीचा ७०० चाच बँड १२. वाळवंटात बहुतेक वेळा हेच पोचतात. वेग वरच्या बँडमध्ये असतो, पण ते गावाबाहेर पडलं की विरतात. जुनं सामान घेताना जप. एटी अँड टीने फेब्रुवारी २०२२ मध्ये, टी-मोबाईलने जुलैत आणि व्हेरायझनने त्या वर्षाअखेर ३जी बंद केलं, त्यामुळे फक्त ३जीवर चालणारा स्वस्त हॉटस्पॉट म्हणजे नुसता पेपरवेट. आणि ज्यात बँड ७१ नाही असं टी-मोबाईलचं उपकरण गावाबाहेर निम्मं आंधळं असतं.

राउटर १२ व्होल्ट डीसीवर थेट चालणारा घे, म्हणजे त्याच्यासाठी इन्व्हर्टर रात्रभर चालू ठेवावा लागत नाही. पेपलिंकचे राउटर आरव्हीवाले भरपूर वापरतात. एक गोष्ट मात्र दुकानदाराला नीट विचार: सिमचे खाचे किती ते नको, मोडेम (टॉवरशी बोलणारा भाग) किती ते. एक मोडेम आणि दोन सिम असतील तर एका वेळी एकच चालतं. पहिलं पडून दुसरं उभं राहीपर्यंत मिनिटभर जातं आणि कॉल तुटतोच. दोन्ही जोडण्या एकदम हव्या असतील तर दोन मोडेम, नाही तर एक मोडेम आणि स्टारलिंक, म्हणजे उपग्रहावरचं इंटरनेट. आणि दोन जोडण्यांवर काम वाटून देणं म्हणजे एकच कॉल दुप्पट भक्कम होणं नव्हे. तो कॉल एकाच वाटेने जातो, वाट पडली की व्हीपीएनसकट (ऑफिसच्या सुरक्षित जोडणीसकट) पडतो. न तुटणारी जोडणी हवी तर बाँडिंग, म्हणजे दोन्ही जोडण्या एकत्र विणणं, लागतं, त्याला मधे सर्व्हर लागतो आणि डेटाही जास्त जातो.

अँटेनाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सामान चांगलं असूनही काम इथेच बिघडतं. तुझ्या ट्रेलरची बाजू ॲल्युमिनियमची आहे, आत सिग्नल अर्धामुर्धाच येतो. म्हणून छतावर घुमटासारखा ४×४ मिमो (एकाच वेळी चार धारांनी सिग्नल घेणारा) अँटेना घे: मोबाईलच्या चार केबल, वायफायच्या दोन आणि जीपीएसची एक. केबल जितकी लांब आणि बारीक तितका सिग्नल रस्त्यातच सांडतो. एलएमआर-२४० जातीच्या केबलमध्ये २ गिगाहर्ट्झला ३० मीटरमागे साधारण साडेअकरा डेसिबल (डीबी) जातात, म्हणजे ३ मीटरला एकापेक्षा थोडं जास्त, ते चालतं. तीच ९ मीटर केलीस की साडेतीन डीबी, म्हणजे सिग्नल निम्म्याहून कमी झाला. त्यामुळे राउटर टीव्हीच्या कपाटात शोभतो म्हणून तिथे ठेवू नकोस, अँटेनाच्या बरोबर खालच्या कपाटात ठेव.

जोडण्या करताना टोकं उजेडात धरून बघ. मोबाईलच्या केबलला एसएमए असतं, वायफायच्या केबलला आरपी-एसएमए. बाहेरून दोन्ही सारखीच पितळी आणि सारख्याच आट्यांची. फरक मधोमध आहे: आत आटे असलेल्या एसएमए टोकात सुईसारखी पिन असते, तशाच आरपी-एसएमए टोकात पिनेच्या जागी भोक. चुकीची जोडी आटे न अडता शेवटपर्यंत फिरते, घट्टही बसते. मग एक तर आत पिनेला पिन भिडते आणि वाकते, नाही तर भोकासमोर भोक येऊन स्पर्शच होत नाही. आकडे पडलेले दिसतात आणि माणूस टॉवरला दोष देतो. बोटांनी घट्ट करून वर पान्याने हलकासा पाव फेरा पुरे. चारही मोबाईल केबल लावायच्याच, दोनच लावून मिमोचा फायदा अर्धा घालवू नकोस.

छताला भोक पाडण्याआधी आतल्या तुळया आणि वायरिंग कुठून जातं ते शोध. छत ईपीडीएम रबराचं असेल तर साधा सिलिकॉन त्यावर टिकत नाही. डायकॉर कंपनीचं आपोआप सपाट होणारं सीलंट वापर, आणि दर सहा महिन्यांनी भेगा बघ. भोक नकोच असेल तर फ्रिजच्या छतावरच्या झरोक्यातून केबल आत घेता येते, पण प्रोपेनवरच्या फ्रिजचा धूर तिथूनच जातो, तेव्हा केबल गरम भागापासून लांब बांध.

आता बूस्टर का नको ते. तो सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो, म्हणजे एसआयएनआर सुधारत नाही. चालत्या गाडीत वापरायच्या नेहमीच्या बूस्टरला अमेरिकेत एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेने ५० डीबीची मर्यादा घातली आहे, आणि वापरण्याआधी तो आपल्या कंपनीकडे नोंदवावा लागतो. बाजारातले नेहमीचे बूस्टर बँड ७१, बँड ४१ आणि नवा सी-बँड वाढवत नाहीत. शिवाय चार केबलच्या मिमोऐवजी सगळं एका धारेतून येतं, त्यामुळे बऱ्याच वेळा बूस्टर लावल्यावर कांड्या वाढतात आणि स्पीड घटतो. आतला आणि बाहेरचा अँटेना जवळजवळ बसवले तर तो स्वतःचाच आवाज ऐकून जोर कमी करतो. लहान ट्रेलरमध्ये हे हमखास होतं. बूस्टर खरा लागतो तो दुर्गम जागी साधा फोन कॉल किंवा मेसेज पाठवायला.

स्टारलिंक मात्र घेच, आणि तिची मिनी ही छोटी डिश घे. ती साधारण २५ ते ४० वॉट खाते, मोठी डिश ७५ ते १०० च्या घरात जाते. उत्तरेकडचं आकाश मोकळं लागतं, पाइनची झाडं त्याची वैरी. जागा नक्की करण्याआधी ॲपमधून आकाश तपासून मगच ट्रेलर उभा कर. छतावर कायमची बसवलीस तर सावलीची जागा आणि नेट यात भांडण होतं. म्हणून मी लांब केबलवर वेगळी ठेवायला सांगेन.

पण या लांब केबलमध्येच खोडा आहे. मिनीला १२ ते ४८ व्होल्ट चालतात, म्हणून लोक थेट बॅटरीला जोडतात. सुरू होताना तिने ५ अँपिअर ओढले आणि वायर १८ गेजची, एका बाजूने साडेचार मीटर असेल, तर जाऊन-येऊन जवळजवळ १ व्होल्ट वायरीतच जातो. रात्री लेड ॲसिड बॅटरी १२.२ वर आलेली असते, डिशपर्यंत ११.२ पोचतात, आणि ती सारखी रिस्टार्ट होत राहते. नेट खराब नसतं, वायर बारीक असते. बॅटरीजवळ २४ व्होल्टचा स्टेप-अप (व्होल्ट वाढवणारा) कन्व्हर्टर लाव, किंवा निदान १२ गेजची जाड वायर वापर. फ्यूज बॅटरीच्या टोकालाच.

विजेचा हिशेब: मिनी ३० वॉट आणि राउटर १५ धरला तर २४ तासांत १०८० वॉट-तास. १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी साधारण १२८० देते, तेवढ्याच लेड ॲसिडमधून ६०० च्या वर काढू नये. डिसेंबरात ऊन थोडा वेळ असतं. झोपताना डिश बंद करायची सवय लावली की निम्मा प्रश्न सुटतो.

डेथ व्हॅलीत मोबाईलची रेंज फर्नेस क्रीक आणि स्टोव्हपाइप वेल्सच्या आसपास थोडीफार, बाकी नावालाही नाही. बॅडवॉटरचा तळ समुद्रसपाटीखाली ८६ मीटर, बाजूला डोंगर, अँटेना काय करणार. सनसेट कॅम्पग्राउंड उघडंबोडकं मैदान आहे, स्टारलिंकला उत्तम. तिथे जनरेटर संध्याकाळी ७ ला बंद करावे लागतात आणि तुझा कॉल साडेसातला, म्हणजे बॅटरी त्याआधी भरलेली हवी. ज्या दिवशी क्लायंटचा कॉल असेल, त्या दिवशी मात्र नेवाडात पारंपला मुक्काम टाक. धोका घेऊ नकोस.

क्वार्टझाइटला प्रश्न उलटा. गावाबाहेरच्या ला पोसाच्या वाळवंटात टॉवर दिसतात, सिग्नल भरपूर, आणि जानेवारीत हजारो आरव्ही एकदम तिथे उतरतात. आरव्हींचं मोठं प्रदर्शन असतं त्या दिवसांत संध्याकाळी मोबाईल डेटा गुदमरतो, आणि स्टारलिंकचीही गर्दी होते. दोन्ही जोडण्या लावून साडेआठच्या आधी अर्धा तास मोज, जी बरी ती धर, व्हिडिओ बंद ठेवून आवाजावर चालव. आवाजाला फारच थोडा डेटा लागतो. अगदीच अडलं तर पश्चिमेला ब्लाइथ २० मैलांवर आहे.

नकाशे बघताना कंपनीच्या रंगीत नकाशावर भिस्त ठेवू नकोस. एफसीसीचा राष्ट्रीय ब्रॉडबँड नकाशाही कंपन्यांच्याच गणितावर आहे, पण त्यात गाडीतलं कव्हरेज आणि बाहेर उभ्याचं कव्हरेज वेगळं बघता येतं. गाडीतलं निवड, ते जास्त कडक आहे. गुगल मॅप्सचे तुकडे, कॅम्पिंगचं बुकिंग, सगळं आधीच उतरवून ठेव. स्टारलिंकवर वायफाय कॉलिंग चालू करशील तेव्हा ९११ (आणीबाणीचा नंबर) साठीचा पत्ता फोनच्या सेटिंगमध्ये बदल, नाही तर मदत सॅन होजेच्या घरी जायची.

ऑर्डर देण्याआधी छताचा वरून काढलेला फोटो आणि एसी, सोलर पॅनल, झरोके यांच्यामधली अंतरं इंचात पाठव. अँटेनाची जागा आणि केबलची लांबी मी मोजून देतो. बॅटरीवरचं लेबलही फोटोत येऊ दे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शिरीष