आईच्या अंगणातली जास्वंद

जळगाव,
दि. ६ जुलै

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. मृगात लावलेल्या जास्वंदीच्या आठही काड्या गेल्या, आणि त्याही आधी पालवी फुटून मग गेल्या, हे वाचून फार वाईट वाटले. ‘माझ्या हाताला झाड लागत नाही’ असे तू लिहिले आहेस, ते मात्र मला मान्य नाही. तू दिलेल्या तपशिलावरून काय घडले असावे हे मला कळते, कारण नेमके तेच गेल्या वर्षी माझ्याकडून घडले होते, आणि तेव्हा पणाला लागलेले झाड आईचे होते.

रावेरकडच्या आमच्या घराचा व्यवहार ठरला, तेव्हा आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी शेवटचा तिथे गेलो होतो. अंगणातली ती लाल गावठी जास्वंद तुला आठवत असेल. आई पहाटे तिचीच फुले गणपतीला वाहत असे. नवे मालक अंगण मोकळे करणार, हे ठाऊक असल्यामुळे मी तिच्या बारा काड्या कापल्या आणि केळीच्या ओल्या सोपटात गुंडाळून जळगावला आणल्या. या जुन्या लाल जास्वंदीला सहसा बी धरत नाही, आणि एखाद्या जास्वंदीला धरलेच तरी त्याचे रोप आईच्या झाडासारखे निघेल याची खात्री नसते. काडीतून वाढते ते मात्र तेच झाड असते, तोच रंग, तीच फुलण्याची रीत. म्हणून मला त्या काड्या जगवायच्याच होत्या.

मी शेतातली काळी माती कुंड्यांत भरली, काड्या गच्चीवर ठेवल्या आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घातले. तीन आठवड्यांत अकरा काड्या माना टाकून बसल्या. एक उपटून पाहिली, तर खालची दोन बोटे लांबी काळी पडली होती आणि साल बोटाच्या नुसत्या स्पर्शाने सरकत होती. बारावी काडी कुंडीत जागा नव्हती म्हणून मी एका जुन्या डब्यात वाळू भरून माठाच्या तिवईखाली ठेवून दिली होती. तिथे ऊन येत नव्हते, माठ पाझरत होता आणि हवा दिवसभर गार राहत होती. तीच एकटी जगली. आज ती माझ्या छातीएवढी झाली आहे.

त्या दोन जागांमधला फरक मला पुढे नीट उमगला. काडीला मुळे नसतात, त्यामुळे तिला पाणी फारसे ओढून घेता येत नाही. पाने मात्र ओलावा हवेत सोडतच राहतात. आपल्या खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि हवा इतकी कोरडी असते की काडी आतून सुकू लागते. पाने मलूल झालेली पाहून आपण मातीत आणखी पाणी ओततो. काळी माती ते धरून चिबड होते, तिच्यात हवा खेळत नाही आणि खालचे टोक कुजते. वरून तहान आणि खालून कूज, अशी ती काडी दोन्हीकडून जाते. तिला ओलावा हवा असतो तो भोवतालच्या हवेत. मातीत तो जेमतेम असला तरी पुरतो.

तुझ्या काड्यांना पालवी फुटली, तिचेही कारण सांगतो. काडीत साठलेल्या अन्नावर डोळे, म्हणजे पानांच्या बगलेतले कोंब, फुटतात; त्याचा मुळांशी संबंध असेलच असे नाही. ती पहिली पालवी पाहून, मुळे आली असे समजून, मीही गच्चीवरच्या काड्या थेट उन्हात सरकवल्या होत्या.

आता पुन्हा लाव, आणि या वेळी अशी लाव. सकाळी लवकर, झाड पाण्याने भरलेले असताना, पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी निवड. ती अगदी कोवळी हिरवी नको आणि जून करडीही नको. हिरवेपणा जाऊन तपकिरी छटा येऊ लागलेली असावी. वीतभर लांबीची, तीन-चार डोळ्यांची काडी घे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका दे आणि वरचा सरळ दे, म्हणजे टोकांची अदलाबदल होणार नाही. मुळे फोडणारे ऑक्झिन हे द्रव्य काडीत शेंड्याकडून बुडाकडे वाहते आणि बुडाशी साठते, त्यामुळे काडी उलटी खोचली तर सहसा ती जगत नाही. कळ्या सगळ्या काढ, खालची पाने काढ, वर दोनच ठेव आणि तीही कात्रीने अर्धी कर. पाने अर्धी कापताना हात आखडतो, पण निम्म्या पानांमधून ओलावाही निम्माच जातो.

माती मुळीच वापरू नकोस. धुतलेली जाड वाळू आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, समप्रमाणात घे. मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांमधून पाणी गळू नये. वरून प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी घाल. तिच्या आत दव धरले की समज, हवा योग्य झाली. जागा उजेडाची हवी, थेट उन्हाची नको. कृषी सेवा केंद्रात मुळे फुटायला मदत करणारी इंडोल ब्युटिरिक ॲसिडची पावडर मिळते. ओल्या टोकाला चिमूटभर लावून जास्तीची झटकून टाक. मध, कोरफड, हळद असे बरेच काही लोक सुचवतात. मला त्यांचा गुण आला नाही, आणि गावठी जास्वंदीला पावडरीवाचूनही मुळे येतात.

मोठ्या फुलांच्या संकरित जास्वंदी मात्र काडीवरून सहजी लागत नाहीत. त्यांना गुटी कलम बरे, म्हणजे फांदी झाडावर असतानाच साल काढून तिथे ओले शेवाळ बांधायचे आणि मुळे आली की कापायची. मोगऱ्याची फांदी वाकवून मातीत दाबायची, म्हणजे दाब कलम करणे सगळ्यांत निर्धास्त. तगर सहज लागते. चाफ्याचे सगळेच उलटे आहे: फांदी कापल्यावर चीक आटेपर्यंत आठ-दहा दिवस सावलीत सुकू द्यायची आणि लावल्यावरही पाणी अगदी बेताचे, पिशवी तर नाहीच. बोगनवेलीला जून लाकूड चालते, पण तिची कोवळी मुळे इतकी ठिसूळ असतात की कुंडी बदलताना मातीचा गड्डा फुटला तर रोप गेले म्हणून समज. अनंताची काडी लागेल, परंतु त्याला आम्लधर्मी माती लागते आणि आपल्या काळ्या जमिनीत त्याची पाने पिवळी पडत जातात, म्हणून तो कुंडीतच ठेव.

सर्वांत कठीण काम म्हणजे काडी न उपटणे. मुळे आली का हे पाहायला मी एकदा काडी ओढली आणि नुकते फुटलेले दोन धागे वाळूत तुटून राहिले. तेव्हापासून मी बुडाला भोके पाडलेले पारदर्शक प्लॅस्टिकचे पेले वापरतो. तिरक्या कापाच्या कडेला आधी साबुदाण्याच्या चुऱ्यासारखे पांढरे कण धरतात. मग एके सकाळी पेल्याच्या भिंतीला टेकलेले सुतासारखे पांढरे मूळ दिसते, टोकाशी जरा पिवळसर. यंदा मृगात लावलेल्या सहा पेल्यांपैकी चारांत ते मला काल दिसले.

त्यांतले दोन पेले तुझे आहेत. घराची ती जागा आता सपाट झाली आहे आणि आईची जास्वंद एकट्या माझ्या दारात उरली आहे. एकाच कुंडीच्या भरवशावर ती ठेवायला माझे मन धजत नाही. तुझ्या अंगणातही ती असावी, ही माझी विनंती आहे. श्रावणात आपल्या खानदेशातल्या कानबाईच्या उत्सवाच्या रविवारी मी नंदुरबारला येईन, तेव्हा पेले हातात धरूनच आणीन. तोवर मी पिशवीला रोज एकेक छिद्र वाढवत जाईन, म्हणजे रोपांना बाहेरच्या हवेची सवय होईल. तू तुझ्या ओट्याच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात, माठाजवळ, दोन कुंड्यांची जागा करून ठेव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे.

तुझा स्नेही