सही करू नकोस

प्रिय चिनू,

रविवारी तू जेवण अर्धवट टाकून गेलास तेव्हापासून फोन हातात घेतेय आणि ठेवतेय. बोलायला गेलं की आपलं भांडणच होतं म्हणून लिहितेय. भात तसाच राहिला तुझा.

माईंचं पोर्ट्रेट विकायच्या त्या एजंटच्या कागदावर सही करू नकोस. एवढंच सांगायचं होतं खरंतर.

मी अठ्ठावीस वर्षं दर दसऱ्याला माईंचं पोर्ट्रेट खाली उतरवून सुक्या मऊ फडक्याने पुसलंय. उजव्या कोपऱ्यात पदराच्या खाली नुसता तपकिरी रंग होता, बारीक भेगा पडलेला. तिथे कोणाचंही नाव नव्हतं. ते फ्रेमवाल्याकडे तीन महिने जाऊन आलं आणि मग ‘एस. एल. हळदणकर’ दिसायला लागलं. तू भिंग लावून पाहिलंस ना, सहीचा रंग भेगांच्या आत उतरलाय. भेगा आधी पडल्यात, सही नंतर आलीय. आणि तुझ्या जांभळ्या टॉर्चखाली सगळं जुनं वार्निश हिरवट चमकत होतं आणि सही तेवढी काळी, म्हणजे ती वरून नंतर घातलेली. तुला पण दिसलं, म्हणून तर गप्प झालास आणि मग चिडलास. बाबांनीच नेऊन दिलं होतं त्या फ्रेमवाल्याकडे, त्यांना विचारायची सोय आता राहिली नाही. मी त्याचा विचार रात्री करते, दिवसा नाही.

तुझे आजोबा तर सगळ्यांना रविवर्मा म्हणून सांगायचे. रविवर्मा १९०६ लाच गेले, माई तेव्हा जन्मल्या पण नव्हत्या. लोकांना मोठं नाव लागतंच. हळदणकरांची ती हातात दिवा घेतलेली बाई, मैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमधली, ती सुद्धा किती जण रविवर्माचीच समजतात. त्यावेळी जे.जे. आर्ट स्कूलमधून शिकून बाहेर पडलेले कितीतरी जण ऑर्डरीवर पोर्ट्रेट करायचे, त्यातलाच कोणीतरी असेल आपला. पण काय हात होता त्याचा! नथीच्या मोत्यावर पांढऱ्याचा एकच ठिपका दिलाय, तांदळाच्या कणीएवढा, आणि खिडकीतला उजेड आला. ती नथ शेजारणीची होती म्हणे. लहानपणी तू परीक्षेला जाताना चित्रातल्या माईंच्या पाया पडायचास, आठवतं? दहावीच्या गणिताला तर दोनदा पाया पडलास.

आणि दुसरं, त्या कागदात ‘पिढीजात आमच्याच मालकीचं’ असं लिहिलंय, ते खरं नाहीये. माईंनी ते यमूआत्यांना दिलं होतं. ठाकूरद्वारची चाळ पाडायला घेतली तेव्हा आत्यांनी ते आपल्याकडे सांभाळायला ठेवलं. त्यांचं पोस्टकार्ड आहे माझ्याकडे, ‘फोटो तुमच्याकडे राहू दे, मुली मागतील तेव्हा द्या’. मुलींनी कधी मागितलं नाही, पण आपणही कधी विचारलं नाही त्यांना. शिवाय चित्र शंभर वर्षांचं भरलं तर जुन्या कलावस्तूंच्या १९७२ च्या कायद्याने देशाबाहेर नेता येत नाही, आणि तो एजंट दुबईच्या गिऱ्हाईकाचं बोलतोय. उद्या कोणी विचारलं तर तो नाही सापडणार, तुझी सही सापडेल.

बघ, लागले परत लेक्चर द्यायला. सॉरी. फ्लॅटचे पैसे कमी पडतायत, डोंबिवलीहून रोजची लोकल, सगळं कळतं मला. तू काही मागत नाहीस कधी, त्याचा मला अभिमान पण वाटतो आणि भीती पण वाटते. माझी एफडी मोडू आपण. नाव लावायचंच असेल तर काळा घोड्याच्या म्युझियममध्ये कॉन्झर्वेशनवाले आहेत, त्यांना दाखवू, ते म्हणतील ते. सहीशिवाय किंमत कमी येईल, येऊ दे. पण सही तू करू नकोस रे.

पोस्टकार्ड कपाटात वरच्या खणात, तुझ्या पत्रिकेच्या पाकिटात ठेवलंय. आत्यांच्या धाकटीचा नंबर मिळालाय, तू आलास की दोघं मिळून फोन करू, मला एकटीला सुचणार नाही काय बोलायचं ते.

टॉर्च सोफ्यावर राहिला तुझा. चार्ज करून ठेवलाय.

आई